भिंतीकडे तोंड

तो माझ्या तोंडात थुंकला. नीट वाचा: तोंडावर नाही, तोंडात. मी त्याला 'आ' करून दाखवत होते, म्हणजे आमच्या घरची जी पद्धत आहे तीच; भरवणाऱ्याने आधी स्वतःचं तोंड उघडायचं आणि मग त्याचं उघडेल म्हणून आशाळभूतासारखं बघत बसायचं. आणि मी तर काय, वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझं तोंड उघडलं की मिटतच नाही असं बाबा म्हणतात, तर मी अगदी पडजीभ दिसेल एवढा मोठा 'आ' केला. त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. गालातला घास या गालातून त्या गालात नेला. आणि फुर्र. अचूक. बटाटा, गाजर, दूध आणि तो स्वतः, असं सगळं मिळून एक गिळगिळीत काहीतरी माझ्या जिभेवर येऊन बसलं, आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ते कोमट होतं. गरम असतं तर चाललं असतं, गार असतं तरी. पण ते बरोब्बर त्याच्या तोंडाइतकं कोमट होतं, म्हणजेच माझ्याही तोंडाइतकं, त्यामुळे क्षणभर माझ्या जिभेला कळलंच नाही की हे आपलं नाही. तिने ते आपलंच म्हणून घेतलं. गिळायच्या तयारीत होती ती, मूर्ख.

बेसिनशी उभी राहून मी दात घासले, जीभ घासली, टाळू घासली, आणि मग आरशात जीभ पुरती बाहेर काढून बघितली. इतकी वर्षं ही वस्तू माझ्या तोंडात राहतेय? ओली, खरखरीत, मुळाशी पांढुरकी, गुहेत पडून असलेल्या एखाद्या जनावरासारखी. हिच्या जोरावर मी ढाल जिंकले? बाहेरून आई ओरडली, "अगं, त्याला एकट्याला टाकून कुठे उलथलीस? पडेल ना तो!" मी म्हटलं, पट्टा लावलाय. "गिळला का पण घास?" "त्याने नाही, मी!" मी तोंडातल्या फेसासकट सांगितलं, आणि आई हसली. चक्क हसली. म्हणाली, "मावशी झालीस ना? मग भाच्याचं एवढं तरी पोटात जायलाच हवं." तिला काय जातंय हसायला. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, आणि तोही त्याच्याचमुळे, कारण त्याने चघळून टाकलेल्या केळ्यावरून घसरूनच ती स्वयंपाकघरात आडवी झाली. खाल्लेल्या केळ्याच्या सालीवरून लोक पडतात हे मी ऐकलं होतं. न खाल्लेल्या केळ्यावरून पडणारी माझी आई पहिलीच.

त्याला आम्ही भोपळा म्हणतो. ताईचा मुलगा. जन्मला तेव्हा असा गुटगुटीत होता की नर्सने त्याला टोपलीत ठेवल्यासारखा आणून दिला, आणि बाबा म्हणाले, हा तर भोपळा! नाव चिकटलं, भोपळा मात्र उडाला. आता दीड वर्षाचा आहे आणि नुसती शेंग झालीय; बरगड्या हाताला लागतात, मान बारीक, त्यावर ते मोठं डोकं आणि त्या डोक्यात ते गच्च मिटलेलं तोंड. भाऊजी कामानिमित्त दुसऱ्या शहरात, सुट्टीला येतात, त्यामुळे ताई त्याला घेऊन आमच्याकडेच राहते आणि दिवसभर कवळ्या बनवते. हो, कवळ्या. दात पडलेल्यांचे दात. बारक्या लॅबमध्ये ती आत्तापर्यंत शिकाऊ होती, त्यामुळे दुपारी पळत घरी येऊन भोपळ्याच्या मागे वाटी घेऊन फिरून परत जायची, आणि मालक चालवून घ्यायचे. पण तिचा हात इतका छान बसलाय म्हणे, की आता त्यांना ती कायमची हवीय. फक्त मग दुपारची पळापळ बंद. सोमवारी उत्तर द्यायचं. आणि नेमकं त्याच सुमारास लहान मुलांच्या डॉक्टरीण बाईंनी काटा बघून मान हलवली, वजन हललेलंच नाही म्हणाल्या, आणि घरी येईपर्यंत ताईचा चेहरा असा झाला होता की जणू काट्यावर तिलाच ठेवलं होतं. "हा आठवडा मी दुपारी येत नाही," ती मला म्हणाली, "आईचा हात असा. तू शाळेतून आलीस की तू भरव. तुझ्या हातून जेवला तर मी त्यांना हो सांगते. नाहीतर सोडते." मी म्हटलं, सोडतेस काय, वेडी आहेस का? आपण कोण आहोत, माहितीये ना? ढाल कुणी आणलीय घरात? मोठमोठ्या माणसांना मी बोलून गप्प केलं, एका शेंगेचं तोंड उघडता येणार नाही?

येत नव्हतं. तो बोलण्याला बधणाऱ्यातला नाहीच. शिवाय, इतके दिवस मी माझ्या खोलीत असायचे म्हणून मला ठाऊक नव्हतं, की जेवण म्हणजे आमच्याकडे केवढी सर्कस असते. बाबा घरी असले की पातेलं वाजवतात. आई कावळा होते, मांजर होते, विमान होते. ताई यातलं काही करत नाही, ती नुसती बघते. त्याच्या गळ्याकडे. घास आत गेला की गळा हलतो का, हलला का, हलला! आणि तिच्याबरोबर सगळे बघतात, तोंडं उघडी टाकून, तीन मोठी माणसं एका बोटभर गळ्याकडे. बाबांच्या दाढा दिसतात, त्यात अडकलेली दुपारची पालेभाजी दिसते. आईच्या ओठांच्या कोपऱ्यात ती तार असते, लाळेची, तोंड मोठं केलं की लांब होणारी. मध्ये तो बसलेला, लाळेरं बांधून, हनुवटीवर कालचं वाळलेलं, आजचं ओलं, नाकातून एक गाजर. मला कळेना, कोण कुणाला भरवतंय. आणि हे सगळं मला आधी दिसलं कसं नाही? एका थुंकीने माझ्या डोळ्यांना काय केलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून मला जगात तोंडांशिवाय दुसरं काही दिसेनाच.

शाळेत तर कहर. मधल्या सुट्टीत माझी खास मैत्रीण, जिला आम्ही टाचणी म्हणतो, ती डबा खाता खाता मला एक गोष्ट सांगत होती, आणि गोष्ट अत्यंत चटकदार होती, वरच्या वर्गातल्या एका मुलाविषयी होती, पण मी तिच्या तोंडात अंड्याचं काय होतंय ते बघत होते. पिवळं पांढऱ्यात मिसळत होतं, दोन्ही लगदा होऊन दातांच्या मागे जात होतं आणि 'मग तो म्हणाला' यातल्या 'म्ह'ला परत पुढे येत होतं. "ऐकतेयस ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, आधी गीळ, मग सांग. ती दुखावली. "फार शिष्ट झालीस गं तू बक्षीस मिळाल्यापासून!" इतिहासाच्या सरांच्या ओठांच्या कडांना दोन पांढरे ठिपके जमतात, ते तर मी तास संपेपर्यंत बघत होते, प्रत्येक सनावळीला वाढत होते. आणि मी? मला पुढच्या फेरीचं भाषण पाठ करायचं होतं, मोठ्या सभागृहात, माईकसमोर, आणि मी घरी आरशासमोर उभी राहिले की पहिल्याच वाक्याला माझी जीभ दिसायची. वाक्यं ओली वाटायला लागली होती. दातांवरच्या तारा निघाल्यापासून आरसा मला किती आवडायचा! वाकड्या दातांवर हात धरून हसण्यात, शेवटच्या बाकावर बसण्यात माझी किती वर्षं गेली, आणि तारा निघाल्या त्या दिवशी मी बसमध्ये अनोळखी बाईला उगीचच दात दाखवून हसले होते. आता कुठे मला तोंड मिळालं होतं, आणि या दीड वर्षाच्या माणसाने ते घाण करून ठेवलं. मी खरंच सांगते, मला त्याचा राग आला नव्हता. राग कसा, स्वच्छ असतो. मला त्याची किळस येत होती, आणि आपल्याच भाच्याची किळस येते हे कुणाला सांगायचं? ताई दुपारी लॅबमधून फोन करायची, मागे कसलंतरी यंत्र कुरकुरत असायचं. "किती खाल्लं?" आणि मी "खाल्लं गं, ठीक," म्हणायचे, आणि वाटीकडे बघायचे, जिच्यावर साय धरलेली असायची.

एका दुपारी ताई घराची किल्ली विसरून गेली म्हणून मी ती द्यायला लॅबमध्ये गेले. लांबट खोली, एका बाजूला खिडक्या, टेबलांवर दिवे वाकवलेले, सगळीकडे पांढरी भुकटी, अगदी पंख्याच्या पात्यांवरसुद्धा. वितळलेल्या मेणाचा वास. आणि भिंतभर फळ्यांवर जबडे. प्लास्टरचे, वरचे, खालचे, जोड्या जोड्यांनी, काहींत दातच नाहीत, नुसत्या हिरड्यांच्या वळ्या, प्रत्येकावर पेन्सिलने काहीतरी खुणा. कुठल्या कुठल्या म्हाताऱ्यांची तोंडं इथे येऊन मुकाट बसली होती. ताई गुलाबी मेणात दात बसवत होती. एक दात चिमट्याने उचलायचा, मेणात टेकवायचा, गरम पात्याने कडेने मेण फिरवायचं, डोळा बारीक करून बघायचं, पुन्हा काढायचा. मी दारात उभी होते, तिला कळलंच नाही. घरी भोपळ्यासमोर जी ताई असते तिचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात. ही दुसरीच कुणीतरी होती, खांदे खाली, ओठांनी कसलीतरी चाल गुणगुणणारी. मालक हसून म्हणाले, "बघ तुझ्या बहिणीकडे. आजोबांना भाकर तोडता येईल असे दात करते. आम्हाला दहा-दहा वर्षं लागली हे जमायला." ताईने मान वर केली आणि पहिला प्रश्न तोच, "खाल्लं त्याने?" आणि खांदे चढले वर. मग म्हणाली, थांब, तुला गंमत दाखवते, आणि खालच्या फळीवरून एक जोडी काढून माझ्या हातात दिली. "ओळख." भयानक होते ते दात. एकावर एक चढलेले, सुळा बाहेर, जणू दरवाज्यात गर्दी झालीय. "शी! कोणाचे?" "तुझे."

मला एकदम ते आठवलं, म्हणजे डोक्याला नाही, घशाला आठवलं. तारा लावण्याआधी दाताचं माप घेतात, त्यासाठी एका वाकड्या पत्र्यात गार, जाड लगदा भरून तो आख्खा तोंडात दाबतात आणि म्हणतात, हलू नकोस. तो लगदा टाळूवरून मागे सरकत गेला होता, मागे, अजून मागे, घशाच्या दारापर्यंत, आणि वर दिवा, दिव्याच्या भोवती चेहरे, दाताचे डॉक्टर, त्यांची मदतनीस, आई, सगळे माझ्या तोंडात डोकावणारे, 'झालंच हं, झालंच, शहाणी ना तू'. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हनुवटीवरून लाळ, आणि पोट उसळून वर येत होतं, आणि मला वाटत होतं की एवढी माणसं बघतायत म्हणूनच ते वर येतंय. ते बघायचे थांबले तर पोटही थांबेल. तेव्हा ताई नवीनच लागली होती लॅबमध्ये, माप तिकडे न्यायचं म्हणून ती आली होती बरोबर. तिने काय केलं, तर ती सरळ खिडकीकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. "मी रस्ता बघतेय," ती म्हणाली, "तुला ओकायचं तर ओक, मला काही दिसणार नाही. अगं, एका माणसाने कुत्र्याला रेनकोट घातलाय!" आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. त्या निळ्या शर्टाच्या पाठीकडे, त्यावरच्या शिवणीकडे. पाठीला तोंड नसतं. घसा हळूहळू ढिला झाला. लॅबमध्ये मी त्या माझ्याच घाणेरड्या दातांवरून बोट फिरवलं आणि ताईला परत दिले, आणि तेव्हा मी यातलं काही बोलले नाही, कारण मला यातलं काही कळलंच नव्हतं. मी फक्त हात धुतले.

दुसऱ्या दिवशी मी भोपळ्याला उंच खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, समोरच्या फळीवर वाटी ठेवली, आणि त्याने नेहमीप्रमाणे ओठ आत ओढून तोंड नाहीसं केलं. त्याच्या नाकाखाली वाळलेला शेंबूड होता आणि त्या शेंबडावर कालचं गाजर होतं. बस. माझ्यात काहीतरी संपलं. "हे बघ," मी म्हटलं, "मला तू आवडतोस, पण तुझं तोंड बघवत नाही. खा नाहीतर नको खाऊ. मी बघणार नाही." आई आतल्या खोलीत पडली होती, औषधाने झोप लागलेली. मी माझी खुर्ची गर्रकन भिंतीकडे फिरवली आणि भिंतीला भाषण ऐकवायला लागले. भिंत फार चांगली श्रोती आहे, जांभई देत नाही. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय परीक्षक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो," मी म्हटलं, आणि मागे एक आवाज आला. पच्च. मी पुढे गेले. पच्च, चप, चप. कुणीतरी चिखलात चालतंय असा. मग ओरपल्याचा, मग जीभ टाळूवरून सुटल्याचा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, मानेपासून थेट कंबरेपर्यंत, पण मी वळले नाही, कारण वळले असते तर मला ते दिसलं असतं. सगळं भाषण मी त्या चपचपीवर म्हटलं. टाळ्यांच्या जागी ढेकर आली. तेव्हा वळले. वाटी पालथी होती, आणि रिकामी. त्याच्या केसांत बटाटा, भुवईत बटाटा, आणि तो स्वतःच्या गुडघ्यावर पडलेला एक गार, करडा गोळा दोन बोटांनी उचलून, निरखून, तोंडात घालत होता. मला बघताच थांबला. मी डोळे मिटून घेतले. चप.

मी कुणाला सांगितलं नाही. फोनवर फक्त म्हटलं, "खाल्लं." या खेपेला खरं. रोज मी भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि रोज तो खायचा, गार, कालवलेलं, चिवडलेलं, आणि ज्याला आपण खाणं म्हणतो त्याच्याशी काही संबंध नसलेल्या पद्धतीने. एकदा आईने दारातून डोकावलं, नुसतं डोकावलं, "बाई गं, खरंच खातोय की!" आणि संपलं, तोंड नाहीसं, वाटी जमिनीवर. मी आईला म्हटलं, "तुझे डोळे त्याच्या घशात जातात, म्हणून घास जात नाही." आई म्हणाली, "वा गं, तत्त्वज्ञानी!" पण नंतर ती दारात थांबली नाही. किळस गेली, असं मात्र समजू नका. किळस तशीच होती, उलट आता कानांतून यायची. फक्त भाषण मला असं पाठ झालं की झोपेत म्हणता येईल.

रविवारी ताई घरी होती. उद्या उत्तर. तिने स्वतः बटाटा कुस्करला, गुठळी राहू दिली नाही, स्वतः त्याला बसवला, स्वतःची खुर्ची त्याच्यासमोर ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि त्याच्या गळ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "ताई, तशी नको बसूस." ती म्हणाली, "गप. आठवडाभर ऐकतेय, खाल्लं, खाल्लं. मला बघायचंय." त्याने ओठ आत ओढले. ती हसली, रडकी हसली, 'आ' केलं, चमचा नेला, चमचा त्याच्या बंद ओठांवर पुसला गेला. पुन्हा. पुन्हा. मग तिने चमचा खाली ठेवला. "म्हणजे मी नसले की खातो," ती म्हणाली. आवाज इतका साधा होता की मला भीतीच वाटली. "माझ्यासमोर नाही. मी नसले की."

"तू नसलीस की नाही गं. तू बघत नसलीस की."

"मी आई आहे त्याची. मी नाही बघायचं तर कुणी बघायचं? तू?"

"मी तर अजिबातच नाही बघत," मी म्हटलं, "मला बघवतच नाही! मला त्याची घाण वाटते, ताई. खरंच. मी रोज भिंतीकडे तोंड करून बसतेय, ओकारी येते म्हणून. आणि तो खातोय." बोलून गेले आणि जीभ चावली. आता ही मारणार मला. ताईने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, जिथे माझ्या खुर्चीच्या पाठीने रंग घासला होता. मी घाईघाईने म्हटलं, "तूच केलं होतंस. मापाच्या वेळी. कुत्र्याचा रेनकोट."

तिने चमचा उचलून वाटीत ठेवला. मग म्हणाली, "कुत्रा नव्हताच तिथे." आणि उठली, खुर्ची उचलली, भिंतीशी नेली, आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. खांदे कानापर्यंत. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मी फरशी बघत होते. ताईच्या हातांना काही काम नव्हतं, म्हणून ती एका हाताच्या नखाने दुसऱ्याच्या नखांतलं प्लास्टर काढत होती. आणि मग आला तो. पच्च. ताईचा हात थांबला. चप, चप. जगातला सगळ्यात घाणेरडा आवाज, आणि मी बघितलं, तिचे खांदे एकेक बोट करून खाली येत होते, लॅबमध्ये होते तिथपर्यंत. ती वळली नाही. मान अर्धी वळली होती, तेवढ्यात तिने स्वतःच हाताने हनुवटी धरून परत भिंतीकडे केली.

वाटी संपली तसा मी पट्टा काढून त्याला खाली सोडला. तो सगळ्या अंगाने चिकट होता. डुलत डुलत ताईकडे जाईल असं मला वाटलं, पण तो माझ्याकडे आला. मूठ उघडली. आत एक गोळा होता, अर्धा चावलेला, बोटांचे ठसे उमटलेला, लाळेने चकाकणारा, वर ताईचा एक केस. त्याने तो माझ्या ओठांसमोर धरला आणि घसा दिसेल इतकं तोंड उघडलं. "आ," तो म्हणाला.

मी ओठ आत ओढून घेतले. मान वळवली. तो दुसऱ्या बाजूने आला. "आ." मी परत वळवली. मग तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, असं, जसं मी त्याच्याकडे बघत असेन इतके दिवस. गोळा माझ्या गुडघ्यावर नीट ठेवला, बोटाने दाबून बसवला, पडू नये म्हणून. आणि गर्रकन वळून, माझ्याकडे पाठ करून, ताईच्या खुर्चीच्या पायाशी, भिंतीकडे तोंड करून बसला. वाट बघत.

दोन पाठी. एक मोठी, एक वीतभर, तिच्या शर्टाला मधोमध बटाटा. दोघांपैकी कुणीच वळलं नाही.

चव मला वाटली होती तशीच होती. कोमट.

"उद्या मी हो सांगते गं त्यांना," ताई भिंतीला म्हणाली. "सांगू ना?"

माझं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही.